मोटेवरची फारसी

मित्रांनो, मी मोटेवरचा एक म्हातारा बैल आहे. अंगाचा रंग खैराच्या लाकडासारखा तांबडा, म्हणून माझे नाव खैऱ्या पडले. माझ्या जोडीदाराचे नाव हौश्या. तो पांढराशुभ्र होता आणि माझ्याहून शहाणा होता. निदान तो कधी गोंधळत नसे. मी मात्र जन्मभर गोंधळलो, आणि त्यातला सर्वांत मोठा गोंधळ एका क्रियापदामुळे झाला.

बैलाचा आणि क्रियापदाचा काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. तेव्हा मीही हेच म्हणत होतो.

माझा जन्म शिरूर कासारकडच्या उघड्या माळावर झाला. तिथे बायका एका घागरीसाठी कोसभर चालत. मी अडीच वर्षांचा झालो तेव्हा गेवराईकडच्या धर्मराज नावाच्या शेतकऱ्याने मला विकत घेतले आणि गंगेकाठच्या आपल्या गावी नेले. गोदावरीला इकडे सारे गंगाच म्हणतात. गावात राज्य निजाम सरकारचे होते. घरात, रानात, बाजारात बोलणे मराठी, कचेरीत उर्दू, आणि पेटीच्या तळाशी जपलेले जुने कागद फारसीत. बैलाला या तिन्हींचे काही सोयरसुतक नसते. त्याला हाक कळली की पुरे.

धर्मराजने मला हौश्याच्या जोडीला मोटेला जुंपले. पहिले आठ दिवस मला काही उमगेना. विहिरीच्या काठापासून खाली उतरत गेलेली एक उतरती वाट असते, तिला धाव म्हणतात. आम्ही धावेने पुढे उतरायचे आणि पाणी मात्र आमच्या पाठीमागे वर यायचे! कातड्याची भलीमोठी मोट चाकावर येऊन दगडी थारोळ्यात भळकन ओतली की आम्ही पुन्हा मागे मागे सरत चढण चढायची. पुढे चालावे तर पाणी मागे, मागे सरावे तर मोट खाली. हौश्या मात्र शांतपणे चालायचा. मी त्याच्या खांद्याच्या भरवशावर चालायला शिकलो.

धर्मराज मोटेवर गाणी म्हणायचा. गाण्याच्या कोणत्या ओळीला निघायचे आणि कोणत्या ओळीला थांबायचे हे आम्हांला पाठ झाले होते. मग मानमोडीची साथ आली. गावात घरागणिक माणसे गेली. धर्मराजही तीन दिवसांच्या तापात गेला, आणि आमची गाणी बंद झाली.

त्याच्यामागे उरली त्याची बायको भिवराबाई. मूलबाळ नव्हते. बारावे-तेरावे झाले आणि चौदाव्या दिवशी ती लुगड्याचा काचा घट्ट मारून मोटेवर आली. बाईमाणसाने मोट हाकलेली गावाने कधी पाहिली नव्हती. लोक बांधावर उभे राहून बघत. ती कोणाकडे बघत नसे. वर्षाच्या आत गाणे म्हणायचे नाही म्हणून ती नुसती 'हं' म्हणायची. त्या 'हं'वर आम्ही निघायचो.

आता विहिरीची गोष्ट सांगतो, कारण सगळे तिच्यावरूनच झाले. सकाळी भिवराबाईची मोट चाले. दुपार टळल्यावर तिच्या दिराची, राधाकिशनची. आणि मधल्या वेळात सटवा धनगर आणि त्याची बायको कडूबाई आपली शे-दीडशे मेंढरे थारोळ्याशेजारच्या हौदावर आणीत. मेंढरे पाणी पीत आणि रात्री भिवराबाईच्या रानात बसत. त्यांच्या लेंड्यांनी तिची ज्वारी कणसाला जड व्हायची. असे हे आजा-पणज्यापासून चालले होते.

राधाकिशनने त्या वर्षी ऊस लावायचे मनात घेतले. उसाला पाणी लई लागते. एके दिवशी मेंढरे आली तर हौदाभोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण. राधाकिशन हातात काठी घेऊन उभा.

"सटव्या, बे, उद्यापासून मेंढरं गंगंवर ने. ही हीर आमची हाय."

सटवा भला माणूस होता, पण त्या दिवशी त्याचा आवाज चढला. "आमच्या पंज्यानं तुमच्या पंज्याच्या खांद्याला खांदा लावून खांदली ही हीर. आमी उपरे न्हाई!"

"कागुद हाय का?"

सटव्याजवळ कागद कुठला? धनगराचे घर मेंढराच्या पाठीवर. कडूबाई मेंढरांकडे बघत राहिली. मेंढरे काट्यांत तोंड घालून ओरडत होती.

भिवराबाई धावेवरून खाली आली. पदर सारखा करून म्हणाली, "भावजी, कागुद हाय. माज्या सासूच्या पेटीत हाय. सासूबाई म्हनत हुत्या, हिरीचा कागुद दोन घरांचा हाय, आपल्या आन् धनगराच्या."

"दावा मग," राधाकिशन म्हणाला. "कचेरीत दावा. मी अर्ज करतो. सायेब वाचतेल आन् काय ते सांगतेल."

त्या दिवशी मेंढरे तहानेली परत गेली. भिवराबाईने आम्हांला गव्हाणीवर बांधले, पण हिरवा चारा टाकायचा विसरली. मला ती रागावली आहे की घाबरली आहे ते कळेना. पुढे मला कळले की ती दोन्ही होती. रात्री ती हौश्याच्या पाठीवर हात ठेवून पुटपुटली, "आज त्यांचं पानी तोडलं. उद्या माजं तोडतेल. एकट्या बाईचं तोडायला कितीसा येळ लागतो?"

दुसऱ्या दिवशी मौलवी नजीरसाहेब विहिरीवर आले. ते गावाच्या टोकाला दर्ग्याजवळ राहत. तरुणपणी त्यांनी तालुक्याच्या मदरशात मुलांना फारसी शिकवली होती. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. रोज सकाळी पाण्याचा बदना भरून न्यायला ते येत आणि लिंबाच्या सावलीला घटकाभर टेकत. भिवराबाईने तो कागद फडक्यात गुंडाळून आणला आणि त्यांच्या हातात दिला.

मौलवींनी कागद नाकाला लावला. मला वाटले, ते तो खाणार. मी असतो तर खाल्ला असता. त्यांनी बराच वेळ वास घेतल्यासारखे वाचले.

"सुनो भिवराबाई. पहिलं नाव रखमाजी. तुमचा पंजासासरा. त्याच्या पुढं दीमकने खाया. भोकच भोक. दुसरं नाव हाय का न्हाई, अल्ला जाने. पर शेवटचं वाक्य बचा है. 'आब अज ईं चाह.' ह्या हिरीतून पाणी. और आगे... 'मी कश...'" ते थांबले. "आगे घडी पडली, घडीत वाळवीची माती बसली. शब्द कशद हाय की कशंद, दिखता नहीं. नख लावलं तर कागदच जाईल."

"त्यात काय फरक हाय, मौलवीसाहेब?"

"तोच तर फरक हाय, बाई! कशद म्हणजे तो ओढतो. एकटा रखमाजी. कशंद म्हणजे ते ओढतात. दोघं, चौघं. फारसीत तो, ते, तू वेगळे लिहीत नाहीत. क्रियेच्या शेपटात माणूस बसलेला असतो. एक नुक्ता, म्हणजे टिंब, एक दांडी, आणि हिरीचा मालक बदलतो."

भिवराबाई खाली बसली. "मग कचेरीत जो वाचंल, त्यानं चुकीचं वाचलं तर?"

"तर कोणाला कळणार?"

तिने कागद पुन्हा फडक्यात गुंडाळला. मग म्हणाली, "मला कळंल. मला ते शबुद शिकवा. डोळ्यानं वाचता येत न्हाई, पर कान हायत."

मौलवी हसले नाहीत. मी सांगतो, मित्रांनो, गावातल्या दुसऱ्या कोणीही माणसाने हसून घेतले असते. ते म्हणाले, "सहा शब्द हायत. रोज सकाळी मी इथं बसतो. तुम्ही मोट हाका, मी बोलतो."

असे आमच्या मोटेवर शिक्षण सुरू झाले. क्रियापद होते 'कशीदन', म्हणजे ओढणे. ज्या कामात आमचे सारे आयुष्य गेले त्याचीच ही सहा रूपे, पण तेव्हा ते मला कोण सांगणार?

पहिल्याच दिवशी भिवराबाईची गाडी अडली.

"बोलो, मी कशद," मौलवी म्हणाले.

"मी कशद. म्हंजी मी ओढते?"

"नहीं. तो ओढतो."

"आवो, पर तुमी 'मी' म्हनला की!"

"ते 'मी' तुमचं मी न्हाई, बाई. फारसीचं मी. त्याचा अर्थ, काम आत्ता चाललंय."

"मग मी ओढते कसं म्हनायचं?"

"मी कशम."

"आन् ते ओढतात?"

"मी कशंद."

"समद्यांच्या म्होरं मीच? मग दुसरा कोनी हाय का न्हाई?"

मौलवींनी डोके धरले. मग काठीने आमच्याकडे दाखवले. "वो देखो. खैऱ्या एकटा ओढतो. मी कशद. खैऱ्या आणि हौश्या दोघं ओढतात. मी कशंद. समझे?"

ती आमच्याकडे बघत राहिली. नाव घेतले म्हणून मी मान वर केली. माझ्याकडून काही चुकले की काय, मला कळेना. पण तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळले. "हां," ती म्हणाली, "आता डोस्क्यात शिरलं."

त्या दिवसापासून ती 'हं' म्हणेनाशी झाली. आम्ही काठावर उभे राहिलो आणि मोट पाण्यात बुडू लागली की ती म्हणायची, "मी कशद." मोट भरली की उडी मारून नाड्यावर, म्हणजे मोटेच्या दोरावर, बसायची आणि ठासून म्हणायची, "मी कशंद!" म्हणजे निघायचे. धावेने उतरताना "मी कशी, मी कशेद," आणि तळाशी पोचता पोचता "मी कशम, मी कशेम." आणि मोट भळकन ओतायची. तो ओढतो, ते ओढतात, तू ओढतोस, तुम्ही ओढता, मी ओढते, आम्ही ओढतो. मला यातले काही कळत नव्हते. मला एवढेच कळले की 'कशंद' आले की खांदा पुढे टाकायचा. पंधरा दिवसांत ते माझ्या हाडांत बसले. हौश्याच्याही बसले.

पण माणसांचे काय सांगू! एका सकाळी कडूबाई कोकरांसाठी कळशीने पाणी न्यायला आली. भिवराबाई धावेवर होती आणि तिची दोन रूपे एकमेकांत गुंतली होती, म्हणून ती एकच शब्द घोकत होती. "मी कशी... मी कशी... मी कशी..."

कडूबाई थबकली. डोक्यावरची कळशी खाली ठेवून काळजीने म्हणाली, "आगं भिवरे, लई चांगली हायस की. कावून इचारतीस सारकं?"

भिवराबाईला आधी कळेना, मग कळले, आणि धर्मराज गेल्यापासून पहिल्यांदा ती हसली. नाड्यावरून घसरून पडेपर्यंत हसली. मी आणि हौश्या तळाशी उभे. थांबायचे की मागे सरायचे?

गावाला मात्र हसू आले नाही. पाणवठ्यावर कुजबुज झाली की धर्मराजची रांड विहिरीवर उभी राहून 'मी कशी, मी कशी' विचारते. राधाकिशन तरातरा आला.

"वयनी, घराण्याची लाज काडली तुमी. वरीस झालं न्हाई दादाला."

भिवराबाईने नाडा सोडला नाही. "भावजी, त्ये फारसी हाय. 'मी कशी' म्हंजी तू वडतूस."

"मी काय वडतो?"

"तुमी न्हाई. कोन बी."

राधाकिशनने तिच्या तोंडाकडे बघितले, माझ्याकडे बघितले, आणि डोके हलवीत तो निघून गेला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले की गोंधळलेला मी एकटाच नाही.

पौष संपता संपता निरोप आला की तहसीलदारसाहेब दौऱ्यावर आहेत, विहीर जागेवरच बघतील. दुपारी यायचे होते. भिवराबाईने वांग्यांना पाणी द्यावे म्हणून सकाळी आम्हांला जुंपले. पण साहेब ऊन चढायच्या आत घोड्यावरून आले. बरोबर दोन चपराशी, राधाकिशन आणि त्याचा अर्ज लिहिणारा एक मुन्शी. भिवराबाईने घाईघाईने आम्हांला काठाशीच उभे केले. भरलेली मोट तशीच पाण्यात लोंबत होती. ती पदर डोक्यावर घेऊन लिंबाआड उभी राहिली. सटवा आणि कडूबाई काट्यांच्या पलीकडे बसले. मौलवी नजीरसाहेबांना कोणी बोलावले नव्हते. तरी ते आले.

कचेरीची रीत अशी की कागद मुन्शी वाचणार आणि साहेब ऐकणार. मुन्शी थारोळ्याच्या कडेवर रुमाल अंथरून बसला. भिवराबाईने दिलेला कागद उलगडला. एक एक शब्द म्हणत शेवटाला आला आणि जरासुद्धा न थांबता म्हणाला, "आब अज ईं चाह मी कशद. म्हणजे रखमाजी या विहिरीतून पाणी ओढतो. एकच नाव आहे हुजूर, आणि क्रियाही एकाचीच."

साहेबांनी मान हलवली. राधाकिशनने मिशीवरून हात फिरवला.

'कशद' ऐकून मी कान टवकारले. कशद झाले, आता पुढचे येणार. मी वाट बघत उभा राहिलो. पुढचे आले नाही. नेहमी दोन येतात, आज एकच का? मी हौश्याकडे बघितले. तोही थांबला होता.

तेवढ्यात लिंबाआडून आवाज आला.

"सायेब, इनंती हाय. त्यो शबुद त्यांना दिसला न्हाई. तिथं मातीचा लपका हाय. न दिसता कशद कसं वाचलं?"

सगळे वळले. मुन्शी हसला. "हुजूर, आता बैल हाकणाऱ्या बाया फारसी शिकवणार!"

साहेब हसले नाहीत. म्हणाले, "क्यों बाई, कशदशिवाय दुसरं काय असू शकतं?"

आता, मित्रांनो, मला सांगा, माझी काय चूक? भिवराबाई लिंबाआडून पुढे आली. पदर घट्ट धरला आणि रोज धावेवर म्हणायची तसे, त्याच ठासलेल्या आवाजात म्हणाली, "कशद म्हंजी त्यो वडतो. आन् ते वडत असले तर, मी कशंद!"

मी खांदा टाकला. हौश्याने टाकला. नाडा ताणला, चाक किंचाळले आणि आम्ही धावेने सुसाट खाली निघालो. नाड्यावर कोणी नव्हते, थोपवणारे कोणी नव्हते. भरलेली मोट वर आली, चाकावर आदळली आणि सगळे पाणी थारोळ्याबाहेर उसळले. मुन्शी रुमालासकट न्हाला. त्याच्या हातातला कागद भिजला.

"कागुद!" भिवराबाई किंचाळली.

मी तळाशी उभा होतो. काम बरोबर झाले होते. शब्द आला, पाणी वर आले. मग सगळे ओरडत का होते? मला वाटले, शाबासकी मिळेल. एवढ्यात राधाकिशन धावत आला. त्याचे तोंड लाल झाले होते. त्याने आसूड उचलला आणि माझ्या तोंडावर ओढला. एकदा, दोनदा. तिसऱ्या फटक्याला आसुडाचे टोक माझ्या डाव्या डोळ्यात गेले.

मला आठवते ते एवढेच की अर्धे जग विझले. आणि भिवराबाई माझ्या आणि आसुडाच्या मधे येऊन उभी राहिली.

"त्याला नका मारू, भावजी! त्यानं काय केलं? म्या म्हनलं, त्यो चालला!"

"ठहरो!" तहसीलदारसाहेबांचा आवाज आला. राधाकिशनचा आसूड खाली आला.

साहेबांनी मुन्शीच्या हातून ओला कागद काढून घेतला होता आणि दोन्ही हातांनी उन्हाकडे धरला होता. पाण्याने घडीतली वाळवीची माती विरघळून खाली ओघळत होती. घडी उकलली होती, जुनी पक्की शाई मात्र फुटली नव्हती. साहेब मान तिरपी करून बघत राहिले. मग त्यांनी मौलवींना जवळ बोलावले, त्यांचे बोट धरून कागदावर ठेवले, आणि सावकाश वाचले. "आब अज ईं चाह मी कशंद."

माझ्या गालावरून रक्त वाहत होते. पुढे वाट नव्हती, दोर संपला होता. तरी तो शब्द ऐकून मी पाय उचलला. सवय होती ना. भिवराबाईने ते बघितले. तिने माझी मान दोन्ही हातांनी धरली आणि ती रडू लागली. "थांब रं बाबा," ती म्हणाली, "थांब. आता न्हाई वडायचं."

साहेबांनी तिथेच निकाल सांगितला. विहीर दोन्ही घरांची, रखमाजीच्या आणि सटव्याच्या. काटे आजच्या आज निघाले पाहिजेत. जाताना त्यांनी विचारले, "बाई, तुम्हांला हे कोणी शिकवलं?" तिने मौलवींकडे बोट दाखवले. मौलवी म्हणाले, "हुजूर, तीस वर्षं मदरशात शिकवलं. मुलं परीक्षा झाली की विसरत. ह्या बाईनं पोटासाठी शिकलं."

सटव्याने स्वतःच्या हाताने काटे उपसले. मेंढरे हौदावर तुटून पडली. मग तो माझ्याकडे आला. धनगराला जनावराची दुखणी कळतात. पंधरा दिवस तो रोज कोमट पाण्याने माझा डोळा धूत होता, पाला ठेचून बांधत होता. कडूबाई माझ्या तोंडाशी मीठ आणून धरायची. डोळा वाचला नाही. भिवराबाई सांजवेळी गोठ्यात येऊन म्हणायची, "खैऱ्या, चुकी माजी हाय. तुला शिकवलं, पर कुठं म्हनायचं आन् कुठं न्हाई, त्ये म्याच इसरले." मी तिचा हात चाटायचो. ती रोज कशाबद्दल बोलते हे मला कितीतरी दिवस कळले नाही.

दोन उन्हाळे गेले. तिसऱ्या वर्षी गुरांवर बुळकांडीची साथ आली. गावातले गोठे ओस पडले. राधाकिशनची बैलजोडी चार दिवसांच्या अंतराने मेली. त्याचा ऊस गुडघ्याला आला होता आणि वाळायला लागला होता. आम्ही दोघे कसे वाचलो कोणास ठाऊक.

तो आला तेव्हा भिवराबाई धान्य पाखडत होती. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला. दीर असून आत आला नाही.

"वयनी, दुपारच्यान जोडी देता का? ऊस चालला."

तिने सूप खाली ठेवले. मग म्हणाली, "घेऊन जावा."

राधाकिशनने आम्हांला जुंपले. मोट बुडाली. तो नाड्यावर बसला आणि ओरडला, "हं! चला!" आम्ही हललो नाही. "हाड हाड! चल बे!" आम्ही उभेच. मला खरेच कळत नव्हते त्याला काय हवे आहे. त्याने सवयीने आसूड वर नेला. मी न दिसणारी बाजू आवळून घेतली आणि मान खाली घातली.

फटका आला नाही. मग नाड्यावरून उतरल्याचा आवाज आला आणि आसूड थारोळ्यावर ठेवल्याचा. तो घराकडे गेला. अंगणातून त्याचा आवाज ऐकू आला. पडका, हळू आवाज.

"वयनी... त्ये तुमचं शबुद सांगा. माज्यानं चालंनात ते."

तिने सांगितले. तो परत आला आणि काठावर उभा राहून शाळेतल्या पोरासारखा चाचरत म्हणाला, "मी कशद..." मग थांबला. "मी... मी कशंद."

आम्ही निघालो. पाणी वर आले. त्या उन्हाळ्यात तो रोज दुपारी यायचा. रोज 'ते ओढतात' म्हणायचा आणि रोज त्याचा ऊस भिजायचा. एकदा तो 'मी कशी' म्हणत असताना हौदावरून कडूबाई ओरडली, "बरे हायेत की, राधाकिसनदादा!" आणि तोही कधी नव्हे तो हसला. आमच्या गव्हाणीत सरकीच्या पेंडेचा गोळा कोण ठेवून जायचे, हे भिवराबाईने कधी विचारले नाही. वास त्याच्या हाताचा होता. माझा एक डोळा गेला, पण नाक शाबूत होते.

आता हौश्या राहिला नाही. मौलवीसाहेबही नाहीत. माझ्या मानेवरचे जू उतरून दोन वर्षे झाली. भिवराबाईने मला बाजारात नेले नाही. लिंबाखाली बांधते, स्वतः पाणी आणून तोंडाशी धरते. नवी खोंडे मोटेवर चालतात. त्यांना नुसते 'हं' पुरते.

मित्रांनो, गावातली लहान मुले कधी कधी माझ्या डाव्या बाजूने येतात. मला ती दिसत नाहीत. कोणी शेपूट ओढले, खडा मारला की मी दचकून शिंग फिरवतो, आणि मोठी माणसे म्हणतात, हा म्हातारा मारका झाला. मी मारका नाही. मला फक्त कळलेले नसते की कोण आहे आणि त्याला काय हवे आहे. जनावराने चूक केली असे वाटले तर हात उगारण्याआधी एकदा विचारा, याला हे कोणी शिकवले? बहुतेक वेळा उत्तर माणसाच्याच घरी सापडेल.

आणि माझ्याजवळ याल तेव्हा उजवीकडून या. आधी नावाने हाक मारा. मी कान हलवीन, मग पाठीवर हात ठेवा.